वरून पिवळे, आतून कच्चे



आपला जळगाव जिल्हा केळीचा. रावेर, यावल, चोपड्याकडच्या बागांतून भरलेल्या गाड्या रोज उत्तरेकडे जातात. केळीत आयुष्य गेलेला माणूस घड हातात घेऊन सांगतो, की हे केळे अढीत सावकाश पिकले आहे आणि ते केळे कार्बाइडची पूड टाकून रातोरात पिवळे केले आहे. गंमत अशी, की पुडीचे केळे दिसायला जास्त सुंदर असते. एकसारखे पिवळेजर्द, कुठे डाग नाही. साल सोलली की मात्र आतला गर कडक आणि तुरट लागतो. अशा रीतीने फळ पिकवण्यावर कायद्याने बंदी आहे, कारण पिकल्याचा रंग म्हणजे पिकणे नव्हे आणि खाणाऱ्याला त्रास होतो तो वेगळाच.

आज आपण आपल्या बोलण्याविषयी आणि आपल्या अंतःकरणाविषयी विचार करणार आहोत. या दोहोंचा संबंध बराचसा या केळीसारखा आहे.

अलीकडे एक शब्द वारंवार कानावर येतो, ‘पोलिटिकल करेक्टनेस’. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना तो चांगला परिचित आहे. साध्या मराठीत सांगायचे तर, कोणत्याही समाजाला, स्त्रियांना, आजारी किंवा दुर्बल माणसांना दुखावणारा शब्द चारचौघांत वापरायचा नाही, योग्य मानलेला शब्दच वापरायचा, आणि कोणी चुकला तर त्याला तिथल्या तिथे टोकायचे. काहींना ही नवी सभ्यता वाटते, तर काहींना नसती कटकट. ख्रिस्ती माणसाने याकडे कसे पाहावे? पाप आणि सदसद्विवेकबुद्धी याबद्दल ख्रिस्तसभा जे शिकवते, त्याच्याशी हे कितपत जुळते?

आधी आमची स्वतःची गोष्ट

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आम्ही आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात सेवा करीत असताना, प्रवचनात आम्ही ‘लंगडा’, ‘अपंग’ असे शब्द सहज वापरून गेलो. मिस्सा संपल्यावर कॉलेजात शिकणारी एक मुलगी थांबली आणि नम्रपणे म्हणाली, “फादर, आता दिव्यांग म्हणतात.” ती बरोबर होती. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी हा शब्द सुचवला आणि पुढे सरकारी खात्याच्या नावातही तो आला. आम्ही तिचे आभार मानले आणि पुढच्या रविवारपासून शब्द बदलला. खरे सांगायचे तर आम्हाला बरे वाटले. आपण काळाबरोबर आहोत असे वाटले.

त्या चर्चला पाच पायऱ्या होत्या. अपघातानंतर व्हीलचेअरवर आलेले आमचे एक बंधू दर रविवारी अंगणातल्या लिंबाखाली बसून कर्ण्यावरून मिस्सा ऐकत. ख्रिस्तप्रसाद आम्ही त्यांना बाहेर नेऊन देत असू. एकदा ते आम्हाला म्हणाले, “फादर, तुम्ही मला काय म्हणता ते इथे ऐकू येते. पण मला आत यायचे आहे.”

शब्द बदलायला आम्हाला एक आठवडा लागला. रॅम्प व्हायला चार वर्षे लागली. पैसे नव्हते असेही म्हणता येणार नाही. त्याच चार वर्षांत आम्ही चर्चला रंग दिला आणि नवीन साउंड सिस्टिम घेतली. वाक्य निर्दोष होते, पण भाऊ बाहेर होता. याबद्दल आम्ही प्रायश्चित्त संस्कारात क्षमा मागितली आहे, म्हणून इथे सांगायला संकोच वाटत नाही.

शब्दाला महत्त्व आहे

यावरून कोणी असा अर्थ काढू नये, की शब्दांना काही किंमत नाही. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने खुनाच्या आज्ञेचा अर्थ सांगताना काय केले ते मत्तयच्या पाचव्या अध्यायात वाचावे. भावाला हिणवून बोलणाऱ्यालाही त्याने न्यायासमोर उभे केले. हात न उचलता, नुसत्या शब्दानेही माणूस मारता येतो, हे प्रभूने दोन हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. संत याकोब आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेची तुलना रान पेटवणाऱ्या ठिणगीशी करतात. मिस्साच्या प्रारंभी आपण जी कबुली देतो तिच्यातही विचार, शब्द, कृती आणि टाळलेले कर्तव्य अशा चारही गोष्टी येतात. तेव्हा सभ्य भाषेचा आग्रह आपल्याला परका नाही. तो आपल्याच घरचा आहे.

आपल्या जुन्या मराठी बायबलमध्ये ‘महारोगी’ हा शब्द होता. आता आपण ‘कुष्ठरोगी’ म्हणतो, आणि ‘कुष्ठरोग झालेली व्यक्ती’ म्हटले तर अधिक चांगले, कारण रोग म्हणजे माणूस नव्हे. हा बदल नुसता तोंडाचा राहिला नाही. २०१९ साली आपल्या देशात कायदा बदलला आणि जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचे कारण म्हणून काढून टाकले गेले. आजार औषधाने बरा होतो हे कळल्यानंतरही कित्येक वर्षे तो नियम कायद्यात होता. इथे शब्द बदलला, त्याच्यामागे कायदा बदलला आणि माणसाचे घर वाचण्याची सोय झाली. शब्द असा कृतीचा हात धरून आला तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

आणखी एक पथ्य आहे. ज्याचे नाव आहे त्याला विचारावे. ‘हरिजन’ हा शब्द गांधीजींनी आदराने वापरला. पण ज्यांना तो दिला गेला त्यांना तो नको होता, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही तो मान्य केला नाही. ‘दलित’ हा शब्द तरुणांनी स्वतः अभिमानाने धारण केला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती याच नावाने. ‘दिव्यांग’ या शब्दाबद्दलही काही अपंग बंधु-भगिनींचे म्हणणे असे आहे, की आम्हाला दिव्य म्हणू नका, आम्हाला हक्क द्या. दुसऱ्याला नाव देण्याआधी त्याच्याजवळ बसावे लागते. आपण जवळ बसत नाही आणि दुरूनच योग्य शब्द फेकतो.

२०१८ सालचा आपला खानदेश

आता थोडे कठीण बोलायचे आहे. २०१८ चा उन्हाळा आणि पावसाळा आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल.

त्या वर्षी जून महिन्यात जामनेर तालुक्यातील वाकडी गावी विहिरीत पोहले म्हणून मातंग समाजाच्या मुलांना विवस्त्र करून मारण्यात आले. त्याचे चित्रीकरण देशभर फिरले. उन्हाळ्यात विहिरीत उडी मारावीशी वाटणे, एवढाच त्या लेकरांचा अपराध. पुढे असेही कळले, की मारणारा स्वतः एका भटक्या जमातीचा होता.

त्यानंतर १ जुलै आला. तो रविवार होता. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे त्या दिवशी आठवडे बाजार होता. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे पाच जण तिथे उतरले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा कित्येक दिवस मोबाइलवर पसरत होती. जमावाने त्यांना पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि पाचही जणांचा जीव घेतला. आपल्या धुळे जिल्ह्यात, आपण मिस्सा आटोपून घरी जेवायला बसलो होतो त्याच रविवारी हे घडले.

याच सुमारास शब्दांचीही एक चर्चा चालू होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढील एका प्रकरणानंतर, ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने दूरचित्रवाहिन्यांना ‘दलित’ हा शब्द टाळण्याची सूचना केली. त्यावर पुष्कळ वाद झाला. पुढे डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. तो निर्णय चांगलाच होता. कोणाही लेकराला शाळेच्या दाखल्यावर, टपालाच्या पत्त्यावर आपली जात वाचावी लागू नये. पण अशा वस्तीत जाण्यासाठी आम्ही एकदा रिक्षा केली, नवे नाव सांगितले, तेव्हा रिक्षावाल्याने क्षणभर विचार केला आणि मग म्हणाला, “म्हणजे तो वाडाच ना?” पाटी बदलली होती, पण मनातला नकाशा तसाच होता. आणि आम्हीही पटकन “हो, तोच” असे म्हणालो.

बंधु-भगिनींनो, या दोन घटना ऐकल्या तेव्हा आपण पहिला प्रश्न कोणता विचारला होता? आम्हाला आमचा आठवतो. “कोणाचे होते?” मारणारे कोणत्या समाजाचे, मरणारे कोणत्या समाजाचे? उत्तर मिळाल्यावर आपला संताप किती असावा हे आपण ठरवतो. वाकडीत मारणारा आणि मार खाणारा दोघेही समाजाने खाली ठेवलेले. राईनपाडा आदिवासी भागात, आणि मेले ते भटके. वर कोण, खाली कोण असा सोपा तक्ता इथे चालत नाही. तक्ता चालला नाही की तक्त्यावरच विसंबलेला माणूस गप्प बसतो. परमेश्वराचा प्रश्न मात्र पहिल्यापासून एकच आहे, जो त्याने काइनाला विचारला होता: तुझा भाऊ कुठे आहे?

सदसद्विवेकबुद्धी म्हणजे काय?

राईनपाड्याच्या जमावातील माणसे काय समजत होती? आपण आपल्या लेकरांचे रक्षण करतो आहोत, असेच ती समजत होती. त्यांच्या मनात शंका नव्हती. म्हणून ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, की ‘मी बरोबर आहे’ अशी पक्की खात्री वाटणे म्हणजे सदसद्विवेकबुद्धी नव्हे.

पुण्यात सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आमच्या एका प्राध्यापकांनी वर्गात प्रश्न टाकला होता, “सदसद्विवेक हा कान आहे की तोंड?” आम्ही सर्वांनी उत्साहाने सांगितले, तोंड. आतला आवाज म्हणतात ना! ते म्हणाले, “तो आधी कान आहे. ज्याने ऐकले नाही, त्याच्या आतून जो बोलतो तो बहुधा त्याचाच हट्ट असतो.”

आपला मराठी शब्दही हेच सांगतो. सत् काय आणि असत् काय याचा विवेक, म्हणजे निवड. दादर सुपात घेऊन आई पाखडते तेव्हा दाणा आणि फोल वेगळे होतात. पण सूप हलवावे लागते, वारा लागतो आणि डोळे उघडे ठेवावे लागतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात सदसद्विवेकाला माणसाच्या अंतःकरणातील पवित्र स्थान म्हटले आहे. तिथे माणूस देवासमोर एकटा असतो. त्याच परिच्छेदात परिषद इशाराही देते, की पापाची सवय लागली तर ही दृष्टी हळूहळू आंधळी होते. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ आणखी एक गोष्ट सांगतो. अज्ञानामुळे चूक झाली तर दोष कमी होऊ शकतो. पण सत्य शोधण्याचे कष्टच घेतले नाहीत, तर त्या अज्ञानाचा दोष आपल्यावर येतो. राईनपाड्यात कोणी एक फोन केला असता, कोणी त्या पाच जणांना “तुम्ही कुठले?” एवढे शांतपणे विचारले असते तर? मोबाइलवर आलेला निरोप न पाखडता पुढे ढकलणे हे आजच्या काळातले पाप आहे, आणि त्याची कबुली देताना आम्ही फारसे कोणाला ऐकलेले नाही असे म्हणण्याची परवानगी आम्हाला नाही, कारण पापनिवेदनात काय ऐकले आणि काय ऐकले नाही हे धर्मगुरू कधीच सांगत नाही. तेव्हा ज्याने त्याने आपले आपण पाहावे.

संत जॉन हेन्री न्यूमन यांना पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली संत घोषित केले, आणि २०२५ च्या १ नोव्हेंबरला पोप लिओ चौदावे यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून गौरवले. १८७५ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध पत्रात त्यांनी तक्रार केली होती, की लोक सदसद्विवेकाचे नाव घेतात, पण त्यांना हवी असते आपल्या मर्जीप्रमाणे वागण्याची मुभा. दीडशे वर्षांत ही तक्रार जुनी झालेली नाही.

फरक कुठे आहे?

आता ‘योग्य बोलण्याची’ रीत आणि ख्रिस्ताची रीत शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिला फरक न्यायाधीशाचा. योग्य बोलण्याच्या रीतीत न्यायाधीश लोक असतात. चारचौघांत जपायचे आणि दार लावले की मोकळे व्हायचे. वेदीसमोर ‘आपण सारे एका पित्याची लेकरे’ असे म्हणणारा माणूस घरी सोयरिकीचा विषय निघाला की कोणत्या भाषेत बोलतो? ख्रिस्ताच्या रीतीत दार लावल्यावरच खरी तपासणी सुरू होते, कारण गुप्तातले पाहणारा पिता तिथेच आहे. प्रभूने शास्त्री-परूश्यांना हेच ऐकवले, की ते वाटी बाहेरून घासतात आणि आतला मळ तसाच ठेवतात.

दुसरा फरक बोटाचा. योग्य बोलण्याच्या रीतीत बोट बहुधा दुसऱ्याकडे असते. कोण काय बोलला, कधी बोलला, दहा वर्षांपूर्वी काय लिहिले होते. मिस्साच्या प्रारंभी मात्र आपण आपल्याच छातीवर हात मारतो. शेजाऱ्याच्या छातीवर हात मारण्याची सोय उपासनाविधीत कुठेही नाही. दावीद राजाचीच गोष्ट घ्या. नाथान संदेष्ट्याने त्याला एका श्रीमंत माणसाबद्दल सांगितले. घरी मेंढरांचे कळप असताना त्या श्रीमंताने गरिबाची एकुलती एक कोकरी घेऊन पाहुण्याला जेवू घातली. दावीद संतापला. त्याचा संताप अगदी योग्य होता, शब्दही योग्य होते आणि शिक्षाही त्याने कडक सांगितली. तेव्हा नाथानने सांगितले, की राजा, तो माणूस दुसरा कोणी नाही, तूच आहेस. दावीदाचा सदसद्विवेक दुसऱ्याच्या पापाविषयी जागाच होता, झोपला होता तो स्वतःच्या पापाविषयी. त्या एका वाक्याने तो जागा झाला, आणि म्हणून दावीद वाचला.

तिसरा फरक सर्वांत मोठा. चुकलेल्याचे पुढे काय होते? योग्य बोलण्याच्या जगात एकदा घसरलेल्याला माफीनामा द्यावा लागतो. तो दिला तरी लोक म्हणतात मनापासून नाही, आणि काही वर्षांनी तेच जुने वाक्य पुन्हा बाहेर काढले जाते. तिथे गुन्हा आहे, शिक्षा आहे, क्षमा नाही. क्षमा नसते तेव्हा माणसे सुधारत नाहीत, लपायला शिकतात. प्रभूने व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला दगड मारू दिले नाहीत, आणि पाप हे पाप नाही असेही तिला सांगितले नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करणे त्यालाच जमले. ख्रिस्तसभेला प्रायश्चित्त संस्कार मिळाला तो ते पुढे चालू राहावे म्हणून. आणि क्षमेबरोबर भरपाईही आहे. प्रभू स्वतःहून जक्कयच्या घरी उतरला तेव्हा जक्कयने नुसते चांगले शब्द काढले नाहीत. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट, असा हिशेबच मांडला. तारण त्या घरी आले ते तेव्हा.

‘आम्ही तोंडाने फटकळ, मनाने साफ’

हे वाचून काही मंडळींना आनंद होत असेल. “बघा, फादरही म्हणतात की हे सगळे गोड बोलणे खोटे. आम्ही कसे, तोंडाने फटकळ पण मनाने साफ!” थांबा. कच्च्या केळीला पुडीने पिवळे करणे चूक आहे, म्हणून कच्चे केळे खायला देणे बरोबर ठरत नाही. मुखातून निघते ते अंतःकरणातून येते, असे प्रभूनेच शिकवले आहे. तेव्हा जे नेहमी फटकळपणे बाहेर पडते तेच आत साठलेले असणार. एखाद्या कष्टकरी बाईला अरे-तुरे करणे, अहिराणी बोलणाऱ्या मुलाला शाळेत गावंढळ म्हणून हसणे, सातपुड्यातून आलेल्या पावरा बांधवाच्या बोलण्याची नक्कल करणे, यात मनाची सफाई कुठे दिसते? प्रामाणिकपणा स्वतःच्या चुका सांगताना वापरावा. दुसऱ्याला डागण्या देण्यासाठी तो दिलेला नाही.

आपल्या अंगणात

शेवटी आपल्या घराकडे येऊ. आपल्या धर्मग्रामात अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेली कुटुंबे आहेत, सातपुड्याच्या पायथ्याची भिल्ल आणि पावरा कुटुंबे आहेत, रेल्वेच्या नोकरीने इकडे स्थिरावलेली गोव्याची, तामिळनाडूची, केरळची कुटुंबे आहेत. व्यासपीठावरून आपण ‘विविधतेत एकता’ म्हणतो. पण सणाच्या जेवणाला पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो, वाचनासाठी आणि समितीवर पुन्हा पुन्हा तीच नावे का येतात, मयतीला कोणाच्या घरी गर्दी होते आणि कोणाच्या घरी आम्ही आणि कॅटेकिस्ट असे दोघेच असतो, हे आम्ही पाहतो. तुम्हीही पाहता.

ख्रिस्तसभेने हे झाकून ठेवलेले नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी, जुबिली वर्षात, सगळ्या जगासमोर ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. भारताच्या कॅथलिक महागुरूंच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित ख्रिस्ती बांधवांच्या सबलीकरणासाठी धोरण जाहीर केले आणि अस्पृश्यतेची वागणूक ख्रिस्तसभेच्या आतही झाली आहे, हे मान्य केले. अशी कबुली ही जाहिरात नव्हे. तिच्यातूनच दुरुस्तीची सुरुवात होते.

आणि दरवर्षी सप्टेंबरमध्ये मतमाउलीच्या यात्रेला आपण ज्या हरेगावला जातो, त्याच गावात ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून चार पोरांना झाडाला उलटे टांगून मारले गेले, हेही विसरू नका. माउलीच्या पायाशी नवस बोलताना त्या पोरांच्या आया आपल्याच रांगेत उभ्या आहेत असे समजा.

खानदेशाला अंतःकरणाचे शिक्षक मिळालेले आहेत. अमळनेरच्या शाळेत शिकवणारे साने गुरुजी आपल्या धर्माचे नव्हते, पण मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून ते उपोषणाला बसले. त्यांनी देवळाच्या पाटीवरचा शब्द बदलून मागितला नाही, दार उघडून मागितले. आणि त्यासाठी दुसऱ्या कोणाला उपाशी ठेवले नाही, स्वतःच उपाशी राहिले. प्रायश्चित्ताचा अर्थ याहून सोप्या रीतीने कसा सांगावा?

उपवासकाळासाठी

उपवासकाळ जवळ आला आहे. प्रायश्चित्त संस्काराला येण्याआधी पुढील प्रश्न शांत बसून स्वतःला विचारावेत. आम्हीही विचारणार आहोत.

१. चारचौघांत मी जसे बोलतो तसेच घरी, दार लावून बोलतो का? माझी मुले माझ्याकडून कोणते शब्द शिकली?

२. गेल्या महिन्यात मोबाइलवर आलेली कोणती गोष्ट मी खरी-खोटी न पाहता पुढे पाठवली? ती कोणाविरुद्ध होती?

३. अन्यायाची बातमी ऐकल्यावर मी आधी जात विचारतो की माणसाची विचारपूस करतो?

४. कोणाची जुनी चूक मी अजून जपून ठेवली आहे, ज्याने कधीच क्षमा मागितली आहे?

५. माझ्यामुळे कोण बाहेर बसला आहे? त्याच्यासाठी मी एक पायरी तरी कमी केली आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शब्दांत देऊ नये. एखाद्या घरी जाऊन चहा प्यावा, त्यांच्याच कपात. ज्याला कोणी पंगतीत बोलावत नाही त्याला आपल्या शेजारी बसवावे. ज्यांच्या घरच्या मयतीला गेलो नाही, त्यांच्याकडे उशिरा का होईना जाऊन यावे. आपल्या चर्चच्या मागच्या दाराची उंच पायरी म्हाताऱ्या माणसांना चढवत नाही, हे आम्हाला तीन जणींनी सांगितले आहे. पुढच्या रविवारी मिस्सानंतर त्याबद्दल बैठक घेऊ. यावेळी चार वर्षे लागू नयेत, म्हणून तुम्ही आम्हाला टोकत राहा.

हे प्रभू येशू, तू आमचे बोलणे ऐकतोस आणि न बोललेलेही ऐकतोस. आमच्या ओठांना आदर दे आणि त्या आदराला अंतःकरणात मूळ दे. आमचा सदसद्विवेक जागा ठेव, आमच्या स्वतःच्या बाबतीत आधी. आम्ही चुकलो ते कबूल करण्याचे धैर्य आणि दुसरा चुकला तर क्षमा करण्याची कृपा आम्हांला दे. आमेन.

पवित्र मरिया मातेच्या मध्यस्थीने परमेश्वर तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचे धर्मगुरू